चंदगडपर्यंत दोघं

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. लायसन घरी आलं त्याच दिवशी नवऱ्याने आमच्या गाडीची किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. "कुठेतरी घासून आणशील," एवढंच म्हणाले. मी वाद घातला नाही. कोल्हापूरला लागून उचगावला हायवेलगत स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने मिळतात, तिथे जाऊन एक छोटी पांढरी गाडी ठरवून आले.

तीस वर्षं मी शाळेत मुलांना जिल्ह्याचा नकाशा शिकवला. चंदगडला आलं की भात, काजू, भरपूर पाऊस, असं फळ्यावर लिहायचं. पण चंदगड मी कधी पाहिलं नव्हतं. जिल्ह्याच्या पार टोकाला, गोव्याच्या वाटेवर. म्हणून पहिल्यांदा तिकडेच जायचं ठरवलं.

निघायच्या वेळी हे चपला घालून दारात उभे. "एकटी जाऊन तोंड फोडून घेतलंस तर निस्तरायला मलाच यावं लागणार." बँकेतून निवृत्त झाल्यापासून यांना दिवसभर कुणावर तरी साहेबगिरी करायला हवी असते. ती संधी त्या दिवशी गडहिंग्लजपर्यंत पुरली. ब्रेक उशिरा दाबलास. गिअर बदल. ट्रकच्या मागे एवढं काय चिकटायचं? निपाणीपासून मी उत्तर द्यायचंच सोडलं.

चंदगडच्या पुढे एका अरुंद डांबरी रस्त्यावर मी गाडी बाजूला घेतली. जानेवारी होता, काजू मोहरला होता आणि त्याचा उग्र गोड वास काच खाली केल्याबरोबर आत आला. मला नुसतं बसायचं होतं. हे उतरले, बांधावर चढले आणि मोबाईलवर जमिनीचे फोटो काढायला लागले. शेतातल्या माणसाला लांबूनच ओरडून विचारलं, "काय हो, जमीन कुणाची ही? द्यायची आहे का?"

त्या माणसाने फोन लावला. थोड्या वेळात एक मोटरसायकल आली आणि आमच्या गाडीपुढे आडवी उभी राहिली. मागून चार-पाच बाप्ये, दोन बायका.

"पावणं, फोटो कशाला काढालाय?"

"रस्ता सरकारी आहे. तुमची परवानगी लागते का?" हे म्हणाले.

"काळी पाटी, भाड्याची गाडी. जमिनी लाटाय येत्यात ती समदी असल्याच गाड्यातनं येत्यात. गेल्या खेपेला बी असंच फोटो काढून न्हेलं, आन मग मोजणीवालं दारात."

"तोंड सांभाळून बोला. मी कोण आहे माहीत आहे का?"

"सांगा की, कोन हाईसा?"

एकाने माझ्या खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. माझे हात स्टिअरिंगवरच राहिले. आता हे मध्ये पडतील असं वाटलं. आणि यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचारा. गाडी हिने आणली. मी नकोच म्हणत होतो."

एक म्हातारी खिडकीशी आली. डोक्यावर पदर, हातात कोयता. "अक्का, ह्यो कोन तुझा?"

"मालक."

"आन गाडी चालवतीस तू?"

"होय."

ती हसली नाही. मी उतरले, यांच्या हातातून मोबाईल घेतला, फोटो एकेक करून सगळ्यांसमोर पुसले आणि म्हणाले, "आम्हाला जमीन नको. विचारायला नको होतं. चुकलं."

किल्ली मिळाली. पण त्या माणसाने ती माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर टाकली. "परत हिकडं फिरकू नगा," म्हणाला. मला त्याचा राग आला नाही. तेव्हाही नाही, आजही नाही.

गाडी वळवल्यावर हे सुरू झाले. "चोरासारखी माफी मागितलीस. चार अडाण्यांपुढे माझ्या हातातून फोन ओढलास."

"आणि तुम्ही त्यांच्यापुढे मला ढकललंत."

"थांबव गाडी. मी एसटीने जातो."

चंदगड स्टँडसमोर मी थांबवली. हे उतरले, दार आपटलं आणि तिथेच उभे राहिले. मी विनवणी करायची, मग यांनी दोनदा नाही म्हणून बसायचं, हे आमचं ठरलेलं. मी गिअर टाकला. आरशात दिसलं, हे हात करत होते. मी गाडी थांबवली नाही. घाटात एकदा गाडी बंद पडली, मागच्या ट्रकवाल्याने शिव्या घातल्या, तरी कोल्हापूर येईपर्यंत छातीत एक कडक, दुष्ट आनंद होता.

हे संध्याकाळी घरी आले. जेवले. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, परक्या गावात माझ्या भावाला रस्त्यावर टाकून आलीस? गाडी शिकलीस म्हणजे एवढी मस्ती?"

"ते आपणहून उतरले."

"मग हाक मारायची. माघारी बोलवायचं. बाईमाणसाला कळायला नको?"

हे शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत होते. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "कळत होतं. तरी नाही बोलवलं."

टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा झाला.