एकोणचाळिसावी चावी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि स्पष्टच सांगतो, बहुतेकांपुढे मनातल्या मनात फुली मारतो. कुणाला सावली दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मला आयुष्यात कधी काही दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. मी सांगणार आहे त्यात भूत नाही, स्मशान नाही, अमावस्या नाही. एक चावी आहे. ती माझ्या हातात होती, चार जणांनी पाहिली आणि तिच्याबद्दलची प्रत्येक नोंद मी स्वतः केलेली आहे. तरीही मोजणी जुळत नाही, म्हणून लिहितोय.

साल शहाण्णव-सत्त्याण्णव. गुरुग्रामला तेव्हा सगळे गुडगावच म्हणत. परदेशी भागीदार मिळाल्यावर आमची कंपनी दिल्लीतल्या कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या दोन खोल्यांतून उठून गुडगावच्या एका नव्या सहामजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर गेली. बाहेरून सगळी काच आणि खिडकीतून खाली पाहिलं की मोहरीचं शेत. लिफ्ट परदेशी, पण वीज दिवसातून चार वेळा जायची. मी ॲडमिन ऑफिसर. फर्निचर, फोन, पाणी आणि कुलपं माझ्याकडे.

कुलपं बरोबर अडतीस होती. प्रत्येकाला क्रमांक. एक चावी वापरणाऱ्याकडे, दुसरी माझ्या बोर्डावर. बोर्ड म्हणजे भिंतीत बसवलेलं काचेच्या दाराचं उथळ कपाट. दहा-दहा हुकांच्या चार रांगा, म्हणजे चाळीस हुक. शेवटचे दोन रिकामे. या कपाटाची एकुलती एक चावी माझ्या जानव्याला असायची. हसू नका, वडिलांची सवय माझ्याकडे आली. दर शनिवारी दुपारी एक वाजता, हाफ डे संपताना, मी बोर्ड मोजून रजिस्टरमध्ये सही करत असे.

हे सगळं कुलपांचं काम आमच्याकडे हरबंसलाल बघायचे. साठीचे, खब्बू म्हणजे डावखुरे, पहाडगंजात दोन शटरांच्या मधल्या चार फूट जागेत त्यांचं दुकान. माझी बायको नीला पहाडगंजलाच शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे ओळख. मीच त्यांना कंपनीत आणलं. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट होतं. महिन्याला एक फेरी आणि अडचण आली तर त्याच दिवशी हजर. आमचं पाहून इमारतीतल्या आणखी दोन ऑफिसांनी त्यांना काम दिलं.

त्यांचा एक नियम होता. चावीवरून चावी ते कधीच बनवत नसत.

"नकल की नकल में झूठ आ जाता है, कर्णिक साब," ते म्हणायचे. "मैं सीधा ताले से पूछता हूँ."

म्हणजे कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, जिथे काजळी पुसली जाईल तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा काळी करायची. तास-दीड तास. शेवटी पोलादी पंच आणि हातोडीने चावीच्या डोक्यावर क्रमांक ठोकायचा. कानस डाव्या हातात असल्याने त्यांच्या घासण्याच्या रेषा इतरांपेक्षा उलट्या बाजूला कलायच्या. मी रोज बघत होतो, मलाही ओळखू यायच्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी मोजत मोजत अडतीसवर आलो आणि बोट पुढे गेलं. एकोणचाळिसाव्या हुकावर चावी होती. पितळी, नवीकोरी, वर ठोकलेलं — 39.

काचेचं दार तोपर्यंत कुलूपबंद होतं, ते मीच दोन मिनिटांपूर्वी उघडलं होतं. मी पुन्हा मोजलं. मग डेटा एंट्रीच्या मिसेस नायरना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतलं.

"कर्णिकजी, इतना गिनोगे तो चाबियाँ बच्चे देंगी ही," त्या म्हणाल्या. पण एकोणचाळीसच आल्या, तशा त्यांनीही पुन्हा पहिल्या हुकापासून सुरुवात केली.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'चावी क्र. ३९ बोर्डावर आढळली. कुलूप नाही.' आणि मॅनेजर बत्रासाहेबांना कळवलं.

सोमवारी हरबंसलाल आले. आम्ही ती चावी अडतीसच्या अडतीस कुलपांना लावून पाहिली. लागणं सोडा, एकातही पुरती आत जाईना. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ फिरवून पाहिली.

"हाथ तो मेरा है," ते म्हणाले. कानशीला ते रेती म्हणायचे. "रेती मेरी चली है. पर ये चाबी मैंने नहीं बनाई."

बत्रासाहेब हसले. "हाथ आपका, चाबी किसी और की?"

हरबंसलालनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, 39 मधल्या तीनचं खालचं शेपूट तुटकं होतं. त्यांनी पिशवीतून पंच काढून आमच्यासमोर पितळेच्या तुकड्यावर ठोकला. तीन पूर्ण उमटला. बोर्डावरच्या बाकी चाव्यांवरचे तीनचे आकडेही पूर्णच होते. दुसरी, त्या चावीच्या अंगावर लांबीने तीन खाचा होत्या. तशी कोरी चावी आपण बाजारात पाहिलेलीच नाही, असं ते म्हणाले.

"चावीवाल्याच्या हातची जास्तीची चावी निघते, तिचा एकच अर्थ असतो, चोरी," बत्रासाहेबांनी मला नंतर केबिनमध्ये सुनावलं. कॉन्ट्रॅक्ट त्याच आठवड्यात रद्द. महिनाभरात खालच्या दोन ऑफिसांनीही त्यांना बंद केलं.

विचार करा — हरबंसलाल 'हाथ मेरा नहीं' म्हणाले असते तर कोण सिद्ध करणार होतं? आणि मी नोंद केली नसती तर कोणाला कळणार होतं? दोघेही खरं बोललो आणि त्यात एकाचं नाव गेलं. चावीवाल्याकडे नावाशिवाय दुसरं भांडवल काय असतं?

घरी नीलाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, एक चावी जास्तच निघाली ना, कमी तर नाही! लिहायची काय घाई होती?"

"जास्त काय, कमी काय, दोन्ही चूकच."

"बिल्कुल. मग ती चूक शोधून काढा आता. मला रोज त्या दुकानावरून जावं लागतं. ते नमस्ते करतात अजून, पण मान वर करून बघत नाहीत."

मी त्या चावीला पांढरा दोरा बांधून 'चौकशी चालू' अशी चिठ्ठी लावली आणि त्याच हुकावर ठेवली. चौकशी काय करणार होतो, देव जाणे. पण दर शनिवारी 'अडतीस अधिक एक' असं लिहीत राहिलो.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ऑफिसात कॉम्प्युटर रूम झाली. आता नवी एजन्सी होती, टाय लावून येणारी माणसं. त्यांनी पोलादी दार बसवलं आणि त्याला कारखान्याचं सील असलेल्या डब्यातून काढलेलं नव्या बनावटीचं कुलूप. बाहेरून दोन फेरे दिले की आतली मूठ फिरत नाही, ही त्याची खासियत. दोन चाव्या होत्या. एक बत्रासाहेबांनी खिशात ठेवली, दुसरी त्याच खोलीतल्या ड्रॉवरमध्ये. मी नियमाप्रमाणे बोर्डासाठी मागितली. "बनवा तुम्ही केव्हातरी," ते म्हणाले.

माझ्या रजिस्टरमध्ये या कुलपाला पुढचा क्रमांक मिळाला. एकोणचाळीस.

तेव्हा ती चावी आठवली नाही का, असं तुम्ही विचाराल. आठवली. पण कुलूप परवा कारखान्यातून आलेलं आणि चावी सव्वा वर्षापूर्वीची. लावून पाहणं म्हणजे मूर्खपणा वाटला. लोक काय म्हणतील, या विचाराने मी ती लावून पाहिली नाही. या अख्ख्या प्रकरणात मी एवढी एकच मोजणी टाळली.

जूनमधला मंगळवार, दुपारचे तीन चाळीस. वीज गेली. बत्रासाहेब मीटिंगसाठी दिल्लीला निघाले होते. जाता जाता त्यांनी कॉम्प्युटर रूममध्ये अंधार पाहिला, हाक मारली नाही, दोन फेरे देऊन गेले. मिसेस नायर आत टेबलाखाली वाकून वायर बसवत होत्या.

दार वाजायला लागल्यावर आम्ही धावलो. खिडकी नाही, एसी बंद, यूपीएसच्या बॅटरीचा उग्र वास दाराच्या फटीतून बाहेर येत होता. एजन्सीला फोन केला. "सर, आदमी निकल चुका है." दहा मिनिटांनी पुन्हा केला. आदमी निकल चुका होता. बत्रासाहेबांची गाडी रस्त्यात. दुसरी चावी आतल्याच ड्रॉवरमध्ये, पण कुलपाला आतून भोक नव्हतं आणि दाराखालची फट चावी सरकवण्याएवढीही नव्हती. शिपाई लोखंडी पहारीने दारावर घाव घालत होता आणि पोलादावर नुसते पोचे पडत होते.

"कर्णिकजी..." आतून आवाज आला, तुटक तुटक. "मेरा पंप... पर्स में है... पर्स बाहर..."

त्यांना दमा होता, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

मी काय विचार केला ते आठवत नाही. बहुधा केलाच नाही. जानव्याची चावी काढली, बोर्ड उघडला आणि दोऱ्यासकट ती एकोणचाळीस घेऊन आलो. ती आत गेली. एक फेरा... दुसरा फेरा... दार उघडलं. चार वाजून सहा मिनिटं.

मिसेस नायरनी पंप घेतला, भिंतीला टेकून बसल्या आणि जरा श्वास आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "कौन-सी चाबी थी?"

बत्रासाहेबांनी संध्याकाळी परत येऊन स्वतः ती चावी लावून पाहिली. तीन वेळा. मग म्हणाले, "इत्तेफाक है."

"असेल योगायोग," मी म्हणालो. "पण सर, जे कुलूप तेव्हा तयारच झालेलं नव्हतं, त्याची चोरटी चावी कुणी कशी बनवेल? हरबंसलालवरचा आळ खोटा होता. हे मला लिहून हवं. खालच्या दोन ऑफिसांच्या नावानेही."

मी त्यांच्याशी असा कधी बोललो नव्हतो. त्यांनी दारावरच्या पोचांकडे पाहिलं आणि लिहून दिलं.

पत्र घेऊन मी आणि नीला पहाडगंजला गेलो. हरबंसलालनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "चलो, वो ताला दिखाओ."

शुक्रवारी ते गुडगावला आले. कुलूप पाहिलं, दोऱ्याची चावी पाहिली. बोर्डावर हीच राहू द्या, असं मी सुचवलं, तर त्यांनी हात झटकला. "जो मुझे याद नहीं, वो मेरी चाबी नहीं. मैं अपनी बनाऊँगा." एजन्सीने कुलपाबरोबर कोऱ्या चाव्यांचं पाकीट दिलं होतं. मी ते फोडून एक काढून दिली. तिच्यावर तीन खाचा होत्या. दोघांनीही पाहिलं.

मेणबत्ती, काजळी, कानस. सव्वा तास. दोऱ्याची चावी त्यांनी मुद्दाम माझ्या टेबलावर दूर ठेवायला लावली होती. चावी लागली, फिरली. मग त्यांनी पंच लावला, हातोडी मारली, आणि टक् असा बारीक आवाज झाला.

पंचाचं टोक उडालं होतं. चावीवरच्या तीनला शेपूट नव्हतं.

"तीस साल पुराना पंच," ते हळूच म्हणाले. नऊ त्यांनी बराच वेळ थांबून ठोकला.

मी दोन्ही चाव्या एकावर एक ठेवून खिडकीशी धरल्या. दातांमधून कुठूनही उजेड येईना. फरक एवढाच की एक चकाकत होती आणि दुसरी काळवंडलेली, दोऱ्याची. दोऱ्याची एकोणचाळिसाव्या हुकाला, नवी चाळिसाव्या हुकाला लावली. कपाट बंद केलं. चावी जानव्याला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी एक वाजता मोजलं. एकोणचाळिसाव्यावर दोऱ्याची चावी होती. चाळिसावा हुक रिकामा.

टेबलं सरकवली, कचऱ्याची टोपली उलटी केली. मिसेस नायरनी मोजलं, नीलाचा विश्वास बसेना म्हणून तिनेही पुढच्या आठवड्यात येऊन मोजलं. एकोणचाळीस. कुणी कपाटाला दुसरी चावी लावून ती काढून नेली असेल, असं म्हणता येतं. एक चावी योगायोगाने दुसरं कुलूप उघडू शकते, असंही हरबंसलालच सांगायचे. एकेकटं सगळं शक्य आहे. एकत्र मांडलं की माझं डोकं चालत नाही.

हरबंसलालना सांगितलं, तेव्हा ते आधी घाबरले, मग मोठ्याने हसले. "अच्छा! तो झूठा मैं ही था, साब. बनाई तो मैंने ही थी!" आणि इमारतीतली तिन्ही ऑफिसं त्यांनी पुढे कितीतरी वर्षं सांभाळली.

माझ्याकडे आजही खुलासा नाही. इथे कुणाला सुचला तर जरूर कळवा, मी शांतपणे तपासून पाहीन. ती नवी चावी कुठे गेली, हे मी सांगू शकत नाही. कुठे सापडली होती, ते मात्र रजिस्टरमध्ये दीड वर्ष आधीच्या पानावर आहे... माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने.