मानेच्या बाई

बाईंना माझा चेहरा शेवटपर्यंत ओळखू आला नाही. समोरून गेले की चष्मा कपाळावर सरकवून त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी मत मागायला आलेली उमेदवार आहे. पण पाठमोरी असले की भर बाजारात हाक यायची, "ए पत्रकवाली, थांब." एकदा मी घाटकोपरच्या भाजीबाजारात स्टुलावर उभी राहून भाषण करत होते. पाणीप्रश्न, आवाज चढलेला, मुठी वळलेल्या. मागून दोन थंडगार हात माझ्या मानेवर आले. मी दचकले, लोक हसले. बाई म्हणाल्या, "बोल तू, बोल. मला फक्त उजवीकडचं बघायचंय."

माणसाला त्या नेहमी मागूनच भेटायच्या. पेशंटला स्टुलावर बसवायचं, आपण पाठीमागे उभं राहायचं, आणि दोन्ही हातांची बोटं हनुवटीखालून सुरू करून जबड्याच्या कडेकडेने कानाखाली, तिथून मान वळवली की दोरीसारखा वर येतो त्या स्नायूच्या कडेने खाली, गळ्याखालच्या आडव्या हाडामागच्या खळग्यापर्यंत, आणि मग मागच्या बाजूने पुन्हा वर न्यायची. घाई नाही, बोलणं नाही. मी एकदा विचारलं, समोरून का नाही बघत? म्हणाल्या, "समोर उभी राहिले की पेशंट माझ्या तोंडाकडे बघून घाबरतो. मागे राहिले की भिंतीकडे बघतो. भिंतीचं तोंड कधी पडत नाही."

मेडिकल कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शरीररचना शिकवली होती. निवृत्त झाल्यावर मुलुंडला एकट्या राहायच्या आणि दर शनिवारी आमच्या टेकडीवरच्या वस्तीत चढून यायच्या. बुद्धविहाराचा हॉल त्यांना गायकवाडकाकांनी उघडून दिलेला. विहाराची किल्ली काकांकडे असे. वस्तीत त्यांना नाव पडलं होतं, मानेच्या बाई. पोटदुखी घेऊन कुणी गेलं तरी आधी मान. गायकवाडकाका म्हणायचे, "बाई, माझा गुडघा दुखतोय हो." बाई म्हणायच्या, "कळलं. आधी मान द्या."

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. खालच्या रस्त्यावर रंगाची फॅक्टरी होती. संध्याकाळी तिचा धूर चढावरून वर यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागायचा. आमच्या संघटनेने घरोघरी फिरून मुलं तपासली होती. तपासली म्हणजे काय, मानेला हात लावून बघितला. पोरापोराच्या मानेत गाठी! मी पेटले. रात्रीतून पत्रक लिहिलं: "आमच्या लेकरांच्या गळ्यात फॅक्टरीचा फास." खाली डॉक्टरची सही हवी होती म्हणून शनिवारी विहारात बाईंकडे गेले.

बाईंनी पत्रक वाचलं आणि परत दिलं. "कुठल्या गाठी?"

"कुठल्या म्हणजे? मानेतल्या!"

"मान म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे, सगळं एकात टाकायला? बस इथे."

त्यांनी निळं स्केचपेन काढलं आणि माझ्याच मानेवर रेघा ओढायला लागल्या. हनुवटी आणि जबड्याखाली पहिला वॉर्ड. त्या लांब स्नायूच्या आसऱ्याने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा. स्नायूच्या मागे, पाठीकडे, पाचवा. "पूर्वी प्रत्येक गाठीच्या गटाला हातभर लांब लॅटिन नाव होतं. मी पोरांकडून ती घोकून घेतली, पोरांनी मला शिव्या दिल्या. आता परदेशातल्या सर्जन लोकांनी सरळ नंबर टाकलेत. बरं केलं."

"आणि हा मधला, कंठमण्याजवळचा?"

"तो कुणाच्या हद्दीत घालायचा यावर त्यांचं अजून चाललंय. तुमच्या वस्तीसारखं. कलेक्टरची की फॉरेस्टची."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे मी पुढे शंभर लोकांना सांगितलं असेल. पायाला ठेच लागली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे. दुखणं एकीकडे, गाठ दुसरीकडे. मानेचंही तेच. प्रत्येक गाठ म्हणजे एक चौकी, आणि प्रत्येक चौकीला आपापला इलाखा. दात, ओठ, जिभेचा पुढचा भाग यांची वर्दी पहिल्या वॉर्डात जाते. टॉन्सिलची दुसऱ्यात. स्वरयंत्राची तिसऱ्याच्या आसपास. डोक्याच्या मागच्या कातडीची पाचव्यात. "चौकी फुगली म्हणजे चौकीत चोर आहे असं नाही. तिच्या इलाख्यात काहीतरी घडलंय. पोलिसांबद्दल तुझं मत मला माहीत आहे, पण या चौक्या प्रामाणिक आहेत."

मग लगेच त्यांनी सगळ्या पोरांना बोलावून विहारात रांगेत बसवलं, पाठ करून. मला शेजारी उभं केलं. बहुतेकांच्या गाठी मागे, पाचव्या वॉर्डात: डोक्यात उवा, खाजवून झालेले फोड. काहींच्या जबड्याखाली: किडलेले दात. आणि दोघातिघांच्या मानेत कडेला, एकमेकींना चिकटलेल्या, माळेसारख्या. बाईंचा आवाज तिथे खाली गेला. "ही गंडमाळ. टीबी. यांना सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात पाठव. आणि कुणाला चिरा देऊ देऊ नकोस. गळू समजून चिरतात, मग जखम वर्षभर वाहत राहते."

"मग धुराचं काय?" मी जवळजवळ ओरडले. माझं पत्रक माझ्या डोळ्यांदेखत मरत होतं.

"धुराचं छातीत शोध. मी मानेची आहे."

"म्हणजे तुम्ही कंपनीच्या बाजूच्या!"

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुझं पत्रक खरं असेल त्या दिवशी सही काय, अंगठा देईन."

त्या संध्याकाळी मी टेकडी उतरले ती दगड लाथाडत. मानेवरच्या रेघा विसरलेच होते. संघटनेच्या बैठकीला जाताना बसचा कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून बघत राहिला. रात्री टेकडी चढून घरी पोचले तर आई किंचाळली, "गो, ह्या काय झाला? पोलिसांनी मारल्यानी की काय?" साबणाने घासघासून मान लाल झाली, पण दुसऱ्या-तिसऱ्या वॉर्डाची हद्द काही पुसली गेली नाही. ते पेन चांगल्या कंपनीचं असावं.

पण झोप येईना. उवा का? डोकं धुवायला पाणी नाही म्हणून. पाणी का नाही? टेकडीवर एकच नळ, तोही पहाटे करंगळीएवढ्या धारेने येणारा. मी नवीन पत्रक लिहिलं: "पाणी नाही म्हणून उवा, उवा आहेत म्हणून गाठी. नळ द्या!" त्यात क्षयाच्या गोळ्यांचीही मागणी घातली. बाईंनी ते दोनदा वाचलं, 'हजारो' हा शब्द खोडून 'पुष्कळ' केला आणि सही केली. वर शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून ठसाही उमटवला. मोर्चालाही आल्या, हंडा घेऊन. पाणीखात्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही घोषणा देत होतो, तेवढ्यात बाई हळूच खुर्चीमागे गेल्या. "साहेब, पाण्याचं तुम्ही बघालच. पण उजव्या जबड्याखाली तुमच्या गाठ आहे. दाढ दाखवून घ्या." साहेबांचा हात गालावर गेला तो आम्ही बाहेर पडेपर्यंत तिथेच होता. दोन नळ मिळाले. दाढेमुळे मिळाले असं गायकवाडकाका अजून म्हणतात. मी म्हणते मोर्चामुळे.

बाईंचं माहेर मालवणकडचं, हे आईला कळलं आणि मग सुटका नव्हती. बांगड्याचं तिखलं खायला बोलावणं गेलं. गिरण्यांचा संप बुडाल्यापासून बाबा रात्रपाळीचे वॉचमन होते, दिवसा झोपलेले, घरात बायकाच. आई स्टोव्हपुढे बसली होती. बाई सवयीने तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलता बोलता बोटं मानेवर गेली. मासळीचे भाव चालले होते. बाईंचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. उजव्या जबड्याखाली त्यांची बोटं थांबली होती.

"ही कधीपासून?"

"ती होय? दुखता नाय ओ. स्टेशनाकडच्या डॉक्टरान बघल्यान. साधी गाठ आसा म्हणालो, सोमवारी काढून टाकतलो."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबा आणि तिने परस्पर ठरवलं होतं. मी उगाच आरडाओरडा करीन म्हणून.

"दुखत नाही, हेच वाईट," बाई म्हणाल्या. "तोंड बघितलं त्याने?"

"तोंड कित्याक? गाठ मानेत आसा."

बाईंनी स्टोव्ह बंद केला. "तोंड उघड."

आईने पदर ओठांवर ओढला. "नको. माजे दात मिश्रीन काळे झाले हत."

"माझ्या आवशीचे पण काळेच होते. उघड गो बाय."

विजेरी मी धरली. चमच्याच्या दांड्याने बाईंनी जीभ बाजूला केली. जिभेच्या कडेला, मागच्या दाढेजवळ, जिथे आई रोज सकाळी उंबऱ्यात बसून मिश्रीचं बोट फिरवायची आणि उरलेली चिमूट ठेवून द्यायची, तिथे पांढुरक्या काठाचा व्रण होता. मी बघितला आणि विजेरीचा उजेड आईच्या नाकावर गेला. "विजेरी सरळ धर," बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन मी फुटले. सोमवारी तो माणूस नुसती गाठ कापणार होता! आजार तोंडात तसाच ठेवून, वरून टाके घालून घरी पाठवणार होता! त्याच्या नर्सिंग होमच्या दारात पत्रकं वाटते, काच फोडते, बघाच. बाईंनी ऐकून घेतलं. "चौकी पाडून चोर सापडत नाही. उलट सावध होऊन पांगतो. आधी तोंड, मग गाठ. हे त्याला शिकवलं असणार, तो विसरला. काढ पत्रक, मी सही करीन. पण आधी टॅक्सी आण."

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात व्रणाचा तुकडा तपासला आणि कॅन्सर ठरला. ऑपरेशनच्या दिवशी मी व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाला फिरत होते. बाबा गुडघ्यात डोकं घालून बसलेले. बाई म्हणाल्या, "बस."

"बसवत नाही."

"मग उभी राहा, पण एका जागी. तुझ्या फिरण्याने आत कुणाचा हात लवकर चालणार नाही."

जिभेचा तुकडा आणि मानेची उजवी बाजू, पाचही वॉर्ड, एकत्र काढले. पहिल्यात आजार होता, दुसऱ्यात थोडासा, खाली नव्हता. हे सांगताना बाईंनी पहिल्यांदा आपणहून माझ्या समोर उभं राहून माझ्याकडे बघितलं. आई वाचली. मान एका बाजूने पोकळ झाली, जीभ बोबडी झाली, आणि उजवा खांदा पडला. खांदा उचलणारी नस त्याच वाटेने जाते, ती ठेवता आली नाही. नळ दाराशी आला तेव्हा हंडा उचलायचा हात गेला होता. आई म्हणते, "नळ आणि खांदो, देवान दोन्ही एकदम देवचा नाय असा ठरवल्यान." त्यावर मी चिडते. देवाने नाही, मिश्रीच्या डबीने. त्या डबीवर अजून लक्ष्मीचं चित्र छापतात. त्याचं पत्रक वेगळं काढलंय.

त्यानंतर दर महिन्याला आईची डावी मान बघायची होती. आजार परतला तर तिथे परतेल, म्हणून. बाई बघायच्या, मग मला बघायला लावायच्या. "काय लागतं?" "काही नाही." "इतक्या लवकर काही नाही? घाई पत्रकात कर, बोटांत नको." मी पुन्हा सुरू करायचे. माझी बोटं पळायची. त्या माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या. मी खूप चिडायचे आणि हळू व्हायचे.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यांनी आईची मान बघितली आणि म्हणाल्या, "स्वच्छ." मग मी बघितली. जबड्याच्या कोनाखाली काहीतरी सरकलं. वाटाण्याएवढं.

"बाई, आहे."

"नाही."

"आहे. इथे."

त्यांनी पुन्हा बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग हात काढून त्या आपल्याच बोटांकडे बघत राहिल्या. साखरेचा आजार त्यांना होताच. बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती, हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. आवाज मात्र तसाच. "सांग. मऊ की कडक?"

"मऊ."

"सरकते?"

"सरकते."

"दाबल्यावर?"

"दुखता गो मेले!" आईच ओरडली.

बाईंनी श्वास सोडला. "दाढ बघ तिची."

डाव्या बाजूची दाढ किडली होती. ती काढली आणि गाठ हळूहळू बसली. तोवरची प्रत्येक सकाळ मी आईच्या मागे उभी राहून काढली. आई भिंतीकडे बघत बसायची.

बाईंनी शनिवार बंद केला. "जे लागत नाही त्यावर 'स्वच्छ' म्हणणं म्हणजे तुझं ते पहिलं पत्रक," म्हणाल्या. गावी भावाकडे जायचं ठरवलं. एसटीपाशी सोडायला मी आणि गायकवाडकाका गेलो. मी बडबडत होते. इथे कोण बघणार, तुम्ही असं कसं सोडून जाता, हा पळपुटेपणा आहे, असं बरंच. त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली, ट्रंकेवर बसल्या आणि माझ्याकडे पाठ केली.

"बघ."

"इथे? लोक बघतायत."

"बघू देत. मला माझी लागत नाही आता."

मी बघितली. हनुवटीपासून. कंडक्टर घंटी मारत होता, हमाल ओरडत होते, काका म्हणत होते, "आटप गं." मी आटपलं नाही. जबडा, कानाखाली, दोरीच्या कडेने खाली.

"काही नाही," मी म्हटलं.

"खळग्यात बघितलंस? डाव्या हाताच्या? पोटातली वर्दी तिथे येते."

"बघितलं. काही नाही."

"मग जाते," बाई म्हणाल्या, आणि वळून न बघता बसमध्ये चढल्या.