मडगार्डवरची नावं

अकोल्याच्या जुन्या शहरातला हा चित्रकार माझ्या कॉमिक्सची चित्रं काढतो, पण लिहिलेली गोष्ट कधी वाचत नाही. "तुमी सांगा, मी काढतो," म्हणतो आणि एक ब्रश दातात, एक हातात धरून ऐकता ऐकता रेघा ओढतो. माझ्या गोष्टीतली मावशी गावभर पायी फिरून लोकांची भांडणं मिटवायची. यानं मला न विचारता तिला सायकलवर बसवलं, आणि पोरांना ती सायकलसकटच आवडली. मग हा जो भेटेल त्याला सांगू लागला, "मावशी माही हाय."

माझं डोकंच फिरलं. पुस्तकावर कोणाचं नाव आधी, हे एकदाचं ठरवायला मी अमरावतीहून निघालो.

मी पोचताच त्यानं मुखपृष्ठ पुढे सरकवलं. मावशीच्या सायकलीच्या पुढच्या मडगार्डवर माझं नाव होतं, मागच्यावर त्याचं. अक्षरं एकाच मापाची. वाटेत बडनेऱ्याला गाडी बदलल्यापासून मनात जुळवलेलं भांडण तिथंच विरलं. मोकळं वाटून मी हसलो.

"म्हणजे मी पुढं?"

दातातला ब्रश न काढताच तो म्हणाला, "हँडल तुमच्याच हाती हाय, भाऊ. पण चेन मागच्या चाकाले रायते."