नागम्माचा दोरा आणि सकाळची गोळी

नागम्मा मीठ खायच्या. जेवणात नव्हे, नुसतंच. उदगीरच्या किराणा दुकानामागच्या स्वयंपाकघरात येता-जाता बरणीत बोटं घालायच्या आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायच्या. सून मंजुश्रीला वाटलं, वयाची खोड असेल.

त्याच वर्षी त्यांचा रंग बदलू लागला. आधी तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, मग बोटांचे सांधे, मग हिरड्या. अंगावरची चोळी सैल झाली. शेजारच्या गुणाबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, "नागम्मा, सून तव्यावर टाकून भाजायली का तुला?"

"भाजली असती तर खरपूस झाले असते," नागम्मा म्हणाल्या, आणि हसता हसता खांब धरून खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारून आलं होतं.

लातूरच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी त्यांचे हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि पहाटेचं रक्त मागितलं. रिपोर्ट आल्यावर कागदावर मूत्रपिंडं काढली आणि दोन्हींच्या डोक्यावर एकेक टोपी. "या ग्रंथी वाळून गेल्यात. तरुणपणी टीबी झाला होता ना? तो तिथं जाऊन बसला असावा. ताप, उपास, धक्का, सगळं सोसायला शरीराला जे लागतं ते इथं बनतं. तुमचं आता बनत नाही. ते गोळीतून द्यायचं. सकाळी उठल्याबरोबर एक, दुपारी अर्धी. अंगात मीठ धरून ठेवणारी ही दुसरी, बारकी."

"किती दिवस?"

"जन्मभर. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात राहिनाशी झाली तर हे इंजेक्शन, आणि तडक दवाखाना." शेवटचं वाक्य ते मंजुश्रीकडं पाहून बोलले. "एक दिवससुद्धा सोडायची नाही."

नागम्मांनी पदर सारखा केला. "उठल्याबरोबर जमणार न्हाई, डॉक्टरसाहेब. आधी पूजा, मग गोळी."

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. आठव्या वर्षी मठाच्या स्वामींनी बांधलेलं. रोज आंघोळ करून, विभूती लावून, ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. पन्नास वर्षांत एकदाही नाही.

"मग लवकर उठा," डॉक्टर हसले.

नागम्मा पाचला उठू लागल्या. मंजुश्री नर्सकडून मोसंबीवर सुई टोचायला शिकली. गुणाबाईंनी भीती घातलीच, "स्टिरॉइड हाय म्हणं त्यात. हाडं पोखरतं." पण महिन्याभरात नागम्मा दुकानात उभ्या राहून गिऱ्हाईक करू लागल्या. मिठाची बरणी जागची हलेनाशी झाली. पूजा आणि गोळी एकमेकींना अशा चिकटल्या, की एक झाली म्हणजे दुसरी झालीच, असं घरात सगळे धरून चालले. दोन वर्षं चालले.

एप्रिलातल्या एका रविवारी नागम्मा आणि मंजुश्री किल्लारीला बारशाला गेल्या. परतीच्या जीपमध्ये बारा माणसं कोंबलेली. घरी आल्यावर हात धुताना नागम्मांचा हात सवयीनं छातीशी गेला आणि तिथंच थांबला. जुना दोरा तुटून पोलक्यात अडकला होता. डबी नव्हती.

नागम्मांचा मुलगा सोमेश, मंजुश्रीचा नवरा. तो जीपवाल्याच्या घरी गेला, सीटा उचकटल्या, बारशाच्या घरी फोन लावले. डबी मिळाली नाही.

नागम्मा भिंतीला टेकून बसल्या. "स्वामींनी नवं बांधेपर्यंत तोंडात काही न्हाई."

"आत्याबाई, गोळी?"

"ती काय नाकातून जाती का?"

मठाचे स्वामी बिदरकडं गेलेले. बुधवारी येणार. सोमवारी सकाळी मंजुश्रीनं गोळी आणि तांब्या समोर ठेवला. नागम्मांनी ते हातानं बाजूला सारलं, रागानं नव्हे, पाहुण्यानं पुरे म्हणावं तसं. "ब्याड," त्या कानडीत नको म्हणाल्या. मन घट्ट झालं की त्यांना माहेरची भाषा यायची.

मंजुश्रीनं स्वामींना फोन लावून तो त्यांच्या कानाशी धरला. "अम्मा, औषध म्हणजे अन्न नव्हे. घ्या. देव समजून घेतो," पलीकडून स्वामी म्हणाले.

"तुम्ही या, मग घेते," नागम्मा म्हणाल्या. फोन परत देत मंजुश्रीला सांगितलं, "डोक्यावर हात ठेवून बांधलं त्यांनी. नेमातून सोडवायचं ते फोनवरून कसं होईल?"

डॉक्टर फोनवर एवढंच बोलले, "आत्ताच घेऊन या." सोमेश दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आईच्या नेमात मी न्हाई पडणार. दोन दिवसांचा तर प्रश्न हाय."

दुपारी पंख्याखाली नागम्मा जप करत होत्या. संध्याकाळी ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मंजुश्रीनं पाहिलं, डोळे मिटलेले असताना त्यांची बोटं चटईवर काहीतरी चिमटीत धरत होती आणि जिभेशी नेत होती. चिमटीत काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी त्या उठून बसल्या आणि आडव्या झाल्या. पोट धरलं. कोरडी उलटी झाली, पुन्हा झाली. पोटात पाणीच नव्हतं. हात गार, कपाळाला घाम, आणि मनगटाची नाडी मंजुश्रीच्या बोटाखाली सापडेना.

ती फडताळाकडं धावली. इंजेक्शनची डबी हातात आली तेव्हा तिला ते सुचलं. एवढं साधं, ते काल का सुचलं नाही?

"आत्याबाई, ऐका. हे तोंडातून जात न्हाई. मांडीतून जातं."

नागम्मांनी डोळे अर्धे उघडले. "पाणी?"

"पाणी बी शिरंतून. सलाइन. ओठाला थेंब लागणार न्हाई."

"शपथ?"

"तुमची."

"मग टोच," नागम्मा म्हणाल्या. "मोसंबी समजून टोच."

दवाखान्यात दुसऱ्या बाटलीनंतर रक्तदाब मोजता येऊ लागला. बुधवारी दुपारी स्वामी वॉर्डातच आले. पडदा ओढून नर्सनं पाच मिनिटं दिली. डोक्यावर हात ठेवून नवं इष्टलिंग, नव्या दोऱ्यात. त्यानंतर नागम्मांनी तीर्थ घेतलं आणि त्याच घोटाबरोबर गोळी.

घरी आल्यावर चार दिवसांनी त्या मंजुश्रीला म्हणाल्या, "सुई लई चांगली निघाली. परत हरवलं तर काळजी न्हाई."

"आत्याबाई, ती दवाखान्यात पोचेपर्यंतची हाय. त्याच्यावर दिवस काढायचे नसतात."

"किती दिवस निघतील?"

असं विचारून नागम्मा कोथिंबीर निवडायला बसल्या.

आता मंजुश्रीही पाचला उठते. न्हाणीतलं पाणी थांबतं. मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. पाकिटातून गोळी बाहेर काढल्याचा बारीक आवाज येईपर्यंत ती चहाचं आधण ठेवत नाही. काही दिवशी तो उशिरा येतो. काल संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या नागम्मांचा अंगठा पुन्हा पुन्हा गळ्यातल्या दोऱ्यावरून फिरत होता, एकाच जागी, डबीच्या जरा वर. मंजुश्रीनं जवळ जाऊन पाहिलं. दोरा नवा होता. पण त्या जागी, रोजच्या चाचपणीनं, त्याचे धागे सुटू लागले होते.