कागदावर आजारी पडलेली आई

वर्षातले दहा महिने मी गिरगावातल्या एका बँकेत लॉकरच्या चाव्या सांभाळतो आणि उरलेले दोन महिने देश. राखीव अधिकाऱ्याचं आयुष्य असंच असतं. सोमवारी लॉकर उघडायला आलेल्या आजीबाईंना "सावकाश, पायरी आहे" म्हणणारा माणूस पुढच्या सोमवारी गणवेश चढवून शंभर जणांना "सावधान" म्हणतो, आणि शंभरच्या शंभर जण खरोखर सावधान होतात. घरी मला हा अनुभव कधी आलेला नाही.

कॅप्टन होऊन बरीच वर्षं झाली होती. पुढची पायरी मेजरची. सेवेची वर्षं भरली होती, दरवर्षीचं शिबिर पुरं केलं होतं, परीक्षाही झाली होती. वयाची अट तेवढी जवळ येत होती. पुढच्या वाढदिवसाच्या आत बढती मिळाली तर मेजर, नाहीतर निवृत्तीपर्यंत कॅप्टन. लालबागमध्ये, आमच्या मजल्यावर, पेढे कुठून आणायचे यावर चर्चा सुरू झाली होती. अशात पत्र आलं. दोन ओळींचं. विचार केला, शिफारस नाही.

कारण शोधायला मी युनिटच्या ऑफिसात जाऊन माझा वार्षिक अहवाल पाहिला. आमच्या कमांडिंग साहेबांनी त्यात लिहिलं होतं, "अधिकारी कामात चोख आहे, परंतु रजेसाठी खोटी कारणे देतो. शब्दावर विसंबण्यापूर्वी विचार करावा."

मला आधी राग आला तो "कारणे" या शब्दाचा. मी एकच दिलं होतं.

ते असं झालं. आमचं गाव मालवणकडचं. तिथे दर काही वर्षांनी देवाला कौल लावतात आणि देवाने सांगितलं की अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. गुरं, कुत्री, कोंबड्या, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. सगळे वेशीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहतात आणि देवाने परत कौल दिला की घरी येतात. याला गावपळण म्हणतात. मुंबईचे चाकरमानी एरवी बहिणीच्या लग्नाला रजा मिळत नाही म्हणून रडतील, पण पळणीला पोचतातच. माझी आई तर सहा महिने आधीपासून पिशव्या भरते.

त्या वर्षी देवाने कौल दिला तो नेमका माझ्या शिबिरात. तीन दिवसांची रजा हवी होती. अर्जात कारणाची एक बारीकशी ओळ होती. मी पेन धरून बसलो. काय लिहिणार? "ग्रामदैवताच्या आज्ञेवरून गाव रिकामं करायचं आहे"? फौजेत गाव रिकामं करतात ते पूर आल्यावर, नाहीतर शत्रू आल्यावर. देवाने सांगितलं म्हणून अख्ख्या गावासकट पळून जाणारा कॅप्टन त्यांनी याआधी पाहिला नसणार. मला लाज वाटली. मी लिहिलं, "आई आजारी."

साहेबांनी एका मिनिटात सही केली. वर म्हणाले, "आईची काळजी घ्या. आई एकच असते."

गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी माळरानावर एका वाहिनीचा वार्ताहर माइक घेऊन आला. सगळं गाव सोडून तो माझ्या आईपाशीच थांबला, कारण ती त्याला हात करून बोलवत होती. मी मागे दोन्ही काखांत एकेक कोंबडी धरून उभा. आईने मला पुढे ओढलं आणि कॅमेऱ्याला सांगितलं, "हो माझो झील. मिल्ट्रीत कॅप्टन आसा! देवान सांगल्यान म्हणान सुटी काढून इलो. बगा कसो कोंबड्यो घेवन उभो रवलो हा!"

आई ठणठणीत होती. इतकी ठणठणीत मी तिला आधी आणि नंतर कधी पाहिली नाही.

तो व्हिडिओ एका दिवसात मोबाइलवर फिरत फिरत आमच्या युनिटच्या ग्रुपवर आला. मी शिबिरात परतलो तेव्हा माझ्या पलंगावर कुणीतरी दोन अंडी ठेवली होती. मी हसलो, सगळे हसले. साहेब हसले नव्हते, हे मला अहवाल वाचल्यावर कळलं.

अपील करायचं ठरवलं. माझा एक शाळासोबती भायखळ्याला राहतो. वकील आहे. पिढ्यानपिढ्यांचा मुंबईचा ख्रिस्ती, आणि मराठी शिव्या आमच्या गिरणगावातल्या कुणापेक्षाही शुद्ध देतो. त्याच्या टेबलावर मी अहवाल ठेवला.

"पहिली मजा सांगतो," तो म्हणाला. "अपील वरच्या साहेबांकडे जाणार. पण ते पाठवायचं कुणामार्फत? तुझ्या कमांडिंग साहेबामार्फत."

"म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात द्यायची?"

"हो. आणि तो त्यावर स्वतःचं मत लिहून पुढे पाठवणार."

"आणि मी त्याला सॅल्यूट ठोकणार."

"तो तर ठोकावाच लागेल रे. आता दुसरी मजा. आई खरंच आजारी होती असं म्हणालास, तर पुरावा लागेल. नव्हती असं म्हणालास, तर साहेबाने लिहिलंय ते तू स्वतःच कबूल केलंस. गप्प बसलास तर वाढदिवस येतोय. हॅपी बर्थडे, कॅप्टन."

"चौथा रस्ता?"

"चौथ्या रस्त्यावर तू कोंबड्या घेऊन उभा आहेस. सगळ्या जगाने बघितलंय."

मग तो पेन वाजवत म्हणाला, आईचे गुडघे तर दुखतातच ना? आईने लिहून द्यायचं की त्या दिवसांत त्रास वाढला होता, पळणीला जाणं भाग होतं आणि मुलगा मदतीला आला. अगदी खोटं नाही, अगदी खरंही नाही. वकिलांना असं मधलं काहीतरी फार आवडतं.

खरं सांगायचं तर मलाही आवडलं. अडचण एवढीच होती की मला बढती नाकारल्याचं आईला ठाऊक होतं, पण का नाकारली हे नव्हतं. तिच्या तोंडच्या एका वाक्याने माझ्या खांद्यावरचा मेजर गेला, हे तिला कळू द्यायचं नाही, असं मी आणि बायकोने ठरवलं होतं. घर लहान. एक गोष्ट लपवायची तर तिच्यासाठी आणखी दोन लपवाव्या लागतात. बातम्या लागल्या की मी टीव्ही बंद करायचो, न जाणो पळणीचा विषय निघाला तर. बायको म्हणायची, "सीमेवर एवढी टेहळणी करता का हो?"

एका रविवारी वकील कागद घेऊन घरी आला. आईने त्याला सोलकढी दिली. चष्मा लावला. कागद इंग्रजीत होता, म्हणून वकिलाला म्हणाली, "मराठीत सांग." त्याने सांगितलं.

"मिया आजारी?" आई म्हणाली. "कदी?"

"आई, गुडघे..."

"तेवा मिया तीन दिस चुलीर भाकऱ्यो भाजलंय! फुगडी घातलंय!" ती माझ्याकडे वळली. "तुया खोटा लिवलंस?"

मी होय म्हणालो. शिबिरात शंभर जणांसमोर उभा राहणारा मी, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला पाठ लावून उभा होतो.

"कित्या? देवाची लाज वाटली तुका?"

तसंच झालं होतं. वकील सोलकढीत बघत होता.

"त्येंका कळला कसा?" आईने विचारलं.

"मिलिटरी आहे, आई. त्यांना सगळं कळतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आईने कागद परत सारला. "खरा काय ता लिव. नायतर मिया सही करूचंय नाय." मग वकिलाला म्हणाली, "आणि रे, तू त्येचो दोस्त मां? त्येका शिकयतस काय तर खोटा!" भायखळ्याचा तो नामांकित वकील उभा राहिला आणि "सॉरी, आई" म्हणाला.

अपील मी स्वतः लिहिलं. पळण म्हणजे काय, माझं गाव ती कशी पाळतं, मी का जातो, आणि मी खोटं का लिहिलं. चार पानं झाली. शेवटी लिहिलं की हे एकच खोटं आहे, बाकी सेवा तपासून पाहावी. गणवेश घालून साहेबांच्या खोलीत गेलो, सॅल्यूट ठोकला, कागद ठेवला. साहेब साताऱ्याकडचे. चारही पानं त्यांनी माझ्यासमोर वाचली. मला बसा म्हणाले नाहीत.

"हे तुम्ही तेव्हाच लिहिलं असतंत," ते म्हणाले, "तर मी रजा दिली असती."

"खरंच दिली असती, सर?"

"माहीत नाही. हसलो असतो बहुतेक. पण अहवालात ही ओळ लिहिली नसती." मग पानांवर बोट ठेवून म्हणाले, "आतापर्यंत खोट्याचा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक व्हिडिओ होता. आता तुमची सही आहे. हे मी पुढे पाठवलं की परतीचा रस्ता नाही. अजून मागे घेऊ शकता."

मागे घेतलं तर काय? घरी जाऊन आईला काय सांगणार? म्हणजे सुटकेला एकच दार होतं आणि त्यात साहेब बसले होते.

"पाठवा, सर," मी म्हणालो.

उत्तराची वाट पाहण्यात पाच महिने गेले. मधे वाढदिवस आला आणि गेला. बायकोने केक आणला. त्यावर काय लिहून घ्यायचं हे न सुचल्यामुळे तो कोराच आणला. वकिलाचं म्हणणं होतं की अपील वाढदिवसाच्या आत दिलंय, तेव्हा निकाल बाजूने लागला तर मागच्या तारखेपासून धरतील. त्या एका वाक्यावर मी पाच महिने लॉकर उघडले.

पत्र आलं ते संध्याकाळी. मी, आई आणि बायको चहा घेत होतो. मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो, आणि इंग्रजी आहे, आईला काय कळतंय, म्हणून जरा मोठ्यानेच. अर्जदाराने स्वतः दिलेली कबुली, त्याला दुजोरा देणारा व्हिडिओ, सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

"व्हिडिओ?" आई म्हणाली. "कसलो व्हिडिओ?"

मी कागदातून मान वर केली. बायको बशीकडे बघत होती. डोक्यात त्या क्षणी एक झकास उत्तर तयार होतं. सुरक्षेचा कॅमेरा, शिबिराच्या फाटकावरचा. आईने ते मानलं असतं. मिलिटरीबद्दल ती काहीही मानते.

"तुझा व्हिडिओ," मी म्हणालो. "पळणीतला. तो त्यांनी पाहिला."

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या तोंडामुळा तुझी बढती गेली."

"माझ्या अर्जामुळे गेली."

"आता मेजर कदीच नाय?"

"नाही."

तिने पदराने चष्मा पुसला, परत लावला, परत काढला. मला वाटलं आता रडेल, आणि मी काय करायचं ते मला कळेना. तेवढ्यात तिने विचारलं, "त्या साहेबान पुरो बगल्यान काय? पुढे मिया सगळ्यांसाठी देवाक गाऱ्हाणा घालतंय, ता?"

"माहीत नाही."

"लाव बगू. माका दाकव."

मी फोन तिच्या हातात दिला. ती माळरानावरची झोपडी, वारा, तिचा हलणारा हात, मागे मी. आईने पडदा डोळ्यांजवळ नेला आणि आवाज वाढवला. फोनमधली आई सगळ्या जगाला ओरडून सांगत होती की हा माझा मुलगा कॅप्टन आहे. निदान ते अजून बरोबर आहे.