बेरियमची रेघ

वडूजच्या बाहेर, रस्त्याकडेच्या एका कडब्याच्या गंजीवर सरांचा फ्लेक्स अजून आहे. मीच छापून आणलेला. शेतकऱ्यानं पावसापासून कडबा झाकायला तो कसाही ओढून बांधलाय. सरांचा अर्धा चेहरा आभाळाकडं झालाय आणि ‘आमच्या गावच्या सरांनी तारा शोधला’ यातलं ‘तारा शोधला’ एवढंच रस्त्यावरून वाचता येतं. एसटीत मी त्या बाजूच्या खिडकीला बसायची नाही.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजच्या मुलींना संध्याकाळची एसटी का नाही, शाळेच्या प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप का, असली पत्रकं. अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून मी पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा बारावीत होते. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत. पहिलं वाक्य ठोक पाहिजे. शत्रू एकच पाहिजे. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असं दिसतं’ हे शब्द काढून टाकायचे, कारण चौकात उभ्यानं वाचणारा माणूस तिथंच कागद टाकून देतो. हे नियम मी कधी मोडले नाहीत. मोडले असते तर बरं झालं असतं.

सरांची ओळखही पत्रकामुळंच झाली. ग्रहणात गरोदर बाईनं काही चिरलं तर बाळाला इजा होते, या खुळाविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. सर गावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, म्हणून तपासायला त्यांच्याकडं नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्यांनाच माहितीय, सर.”

“सगळ्यांना माहिती हाय, म्हणून तर ग्रहणात बायका घरात बसत्यात.”

मी ती ओळ काढली. मग दर आठवड्याला जायला लागले.

सरांचं स्वतःचं एक काम चालू होतं, ते मला हळूहळू कळलं. त्यांच्याकडं दुर्बीण नव्हती. जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी घेतलेली ताऱ्यांची निरीक्षणं काही काळानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होतात, फुकट, वडूजमधल्या माणसासाठीसुद्धा. मला शाळेत हे कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्याचं काय गेलं असतं, याचा राग मला अजून येतो.

ताऱ्याचा उजेड रंगारंगांत पसरवला की त्याचा वर्णपट होतो, आणि त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी. लोखंडाच्या लोखंडाच्या जागी, कॅल्शियमच्या कॅल्शियमच्या. सर एकाच तारकागुच्छातले तारे घेऊन बसायचे. का, ते त्यांनी मला गुऱ्हाळावरून सांगितलं. “गुच्छातले तारे म्हंजे एका काहिलीतल्या गुळाच्या ढेपा. एकाच ढगातनं, एकाच वेळी झालेल्या. चव सारखीच पाहिजे. एखादी ढेप येगळी लागली, तर मागनं कुणीतरी काहीतरी घातलं. कुणी घातलं, ते शोधायचं.”

त्यांच्या डोळ्यांना स्क्रीन सोसत नव्हता. म्हणून वर्णपटांचे आलेख मी सांगलीहून ट्रेसिंग पेपरवर छापून आणायची; त्यात काळी रेघ खळग्यासारखी खाली उतरलेली दिसते. हळदीच्या पेठेमागं आमची पत्रकं जिथं छापायचो, तेच दुकान. छापणारा दर वेळी कागद उलटासुलटा करून म्हणायचा, “ताई, ह्यात घोषणा कुठाय?”

सरांची पद्धत साधी होती. सारख्याच तापमानाचे, सारख्याच तेजाचे दोन भावंड-तारे निवडायचे. त्यांचे कागद एकावर एक ठेवून, लोखंडाच्या रेघा एकमेकींवर येईपर्यंत वरचा सरकवून, पूर्वेच्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावायचे. सकाळचं ऊन मागून आलं की दोन्ही वर्णपट एकातून एक दिसायचे. मग सर भिंग घेऊन डावीकडून उजवीकडं सरकायचे. जुळली. जुळली. ही पण जुळली. काकू चहा घेऊन आल्या की दारातूनच विचारायच्या, “काय, जमली का पत्रिका?”

“छत्तीस गुण,” सर म्हणायचे. “कामाची न्हाई.”

त्यांना न जुळणारी हवी होती. ती एका सकाळी मिळाली. निळ्या टोकाला सगळ्या रेघा एकमेकींवर बसलेल्या, आणि एकच रेघ खालच्या कागदातून दुप्पट खोल बाहेर आलेली. मी लोखंड म्हणाले. सरांनी यादी मागवली, पट्टी लावली, पुन्हा लावली. बेरियम. मग बेरियमच्या दुसऱ्या रेघेच्या जागी गेले. तीही खोल. सर स्टुलावर बसले आणि भिंग शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

“ह्या ताऱ्याला बेरियम स्वतः करता येत न्हाई,” ते म्हणाले. “त्याचं तेवढं वय झालेलं न्हाई. ह्याला जोडीदार असणार. तो आधी म्हातारा झाला, त्यानं बेरियम केलं, आणि मरताना अंगावरचं सगळं ह्याच्या अंगावर टाकलं. आता तो विझलेला निखारा. आपल्याला दिसत न्हाई. ह्याच्या अंगावरचं तेवढं दिसतंय.”

वर्गात सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मी तसंच लिहून घेतलं. वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात त्या ताऱ्याच्या क्रमांकापुढं लिहिलं: बहुधा बेरियम तारा.

तेव्हा सरांचं डायलिसिस सुरू झालेलं होतं. आठवड्यातून दोनदा साताऱ्याला. काकूंना जमलं नाही की मी बरोबर जायची. मशीन चालू असताना ते डोळे मिटून मला पुढचं काम सांगायचे. काम एकच उरलं होतं. जोडीदार असेल तर हा तारा त्याच्याभोवती फिरत असणार, कधी आपल्याकडं येणार, कधी लांब जाणार, आणि त्यानुसार त्याच्या सगळ्याच रेघा जरा सरकणार. पण एक फेरा काही वर्षांचा. त्यामुळं वेगळ्या वर्षी घेतलेला दुसरा वर्णपट पाहिजे होता, आणि तो अजून खुला झाला नव्हता.

“तोवर गप बसायचं,” सर म्हणाले. मग, डोळे मिटलेलेच, “आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं गं. एवढा एक माझ्यासमोर नक्की झाला म्हंजे बास.”

मी गप बसले नाही.

त्या दिवसांत वडूजच्या चौकात कुठल्याशा बाबाचा फ्लेक्स लागला होता, एसटीच्या थांब्यापेक्षा उंच. पाण्यात बघून आजार सांगणारा बाबा. त्याला एवढा मोठा फ्लेक्स, आणि ताऱ्याच्या अंगातलं बेरियम ओळखणारा माणूस लाल डब्यातून साताऱ्याला रक्त धुवायला जातो, हे मला सहन झालं नाही. सरांकडं किती दिवस आहेत, तेही दिसत होतं. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. वहीतलं वाक्य घेतलं आणि सवयीनं त्यातला पहिला शब्द काढला. ‘बेरियम तारा.’ ठोक. पत्रकं वाटणाऱ्या आमच्या पोरांनी वर्गणीतून फ्लेक्स केला. ग्रंथालयाच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला. आमच्याकडं पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, सरांसाठी लावताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सरांना आदल्या दिवशी सांगितलं. गावातली माणसं ठरवून बसली होती, त्यामुळं त्यांना नाही म्हणता आलं नाही. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ मांडीवर ठेवला. भाषणं चालू असताना त्यांनी पत्रक नाकाजवळ धरून वाचलं आणि शेजारी बसलेल्या मला हळूच विचारलं, “ह्यातलं ‘बहुधा’ कुठं गेलं?”

“पत्रकात बसत नाही, सर.”

त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. बोलायला उभे राहिले तेव्हा फक्त सगळ्यांचे आभार मानले.

बातमी पेपरात आली. पुढं कुणीतरी ती पुण्यातल्या एका तज्ज्ञांना पाठवली. त्यांचं मेल सरांना आलं, मीच वाचून दाखवलं. सभ्य मेल होतं, त्या माणसावर मला रागही काढता येत नाही. त्यांनी लिहिलं होतं की या ताऱ्याचा वेग गुच्छातल्या बाकीच्या ताऱ्यांशी जुळत नाही. म्हणजे तो गुच्छातला नसावा, त्याच दिशेला दिसणारा दुसराच कुठला तरी तारा असावा. मग भावंडांशी केलेली तुलना टिकत नाही, आणि जाहीर दावा करण्याआधी हे तपासायला हवं होतं.

“पण सर, जोडीदार असला तर वेग वेगळा येणारच ना? तुम्हीच सांगितलंत.”

“व्हय.”

“मग लिहूया तसं.”

“पुरावा कुठाय?” सर म्हणाले. “तू पत्रक काढलं नसतंस, तर मी त्यांना इचारलं असतं, असं असंल का म्हणून. त्यांनी पण इचार केला असता. आता फेटा बांधून बसल्यावर मी म्हणणार, की जोडीदार हाय पण दिसत न्हाई. ती पळवाट झाली, बाई.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले तरी असते. त्यांनी वही मागितली, लाल पेन मागितलं आणि ती ओळ खोडली. मग तज्ज्ञांना दोन ओळींचं उत्तर सांगितलं: आपलं बरोबर आहे, घाई झाली, क्षमस्व. घाई कुणाची, ते त्यांनी लिहू दिलं नाही.

फ्लेक्स उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडं फ्लेक्स लावायला माणसं मिळतात, काढायला वारं लागतं. सर साताऱ्याच्या गाडीला जाताना त्याच्याखालून जायचे. चहाच्या टपरीवरचा एक जण एकदा म्हणाला, “आवं सर, तुमचा तारा दुसऱ्याच गावचा निघाला म्हणं.” सर हसले, म्हणाले, “व्हय, पाव्हणा हुता.” मी शेजारी उभी होते. त्या रात्री जाऊन फ्लेक्स फाडावा, असं वाटलं. तेही केलं नाही. वाटलं, आता फाडला तर सरांची अजून एक बातमी होईल.

खिडकीच्या काचेवरचे कागद त्यांनी काढून घेतले. मी जायची, ते पत्रकं तपासून द्यायचे, पण आलेख आणू का विचारलं की म्हणायचे, “नंतर बघू.” पावसाळा संपता संपता ते गेले. साताऱ्यालाच, मशीन चालू असताना. त्या दिवशी काकू बरोबर होत्या.

दुसरा वर्णपट त्यानंतर खुला झाला. मी दर आठवड्याला बघत होते, का ते मला सांगता येणार नाही. सांगलीला गेले. छापणाऱ्यानं या वेळी घोषणा कुठाय, असं विचारलं नाही. घरी अब्बांच्या दुकानाच्या काचेला तीन कागद लावले, या वेळी रेघा नाही तर खालची मोजपट्टी जुळवून: तळाला भावंडाचा, त्यावर सरांच्या ताऱ्याचा जुना, त्यावर नवा. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्यामुळंही रेघा सरकतात, तेवढं वजा करायला सरांनी शिकवलं होतं. केलं. परत केलं. बेरियमची रेघ तशीच खोल होती. जुन्या कागदात ती भावंडाच्या रेघेच्या लाल बाजूला होती, नव्यात निळ्या बाजूला. भावंडाची रेघ दोन्हींच्या मधोमध. नुसती बेरियमचीच नाही, सगळ्याच रेघा तशा.

तारा झोके घेत होता, भावंडाच्याच वेगाच्या अवतीभोवती. तो बहुधा गुच्छातलाच होता.

काकू आता आटपाडीला भावाकडं असतात. मी कागद गुंडाळून एसटीनं गेले. त्यांनी पाणी दिलं, वडूजची, कॉलेजची चौकशी केली. मग मी खिडकीला कागद लावले आणि जमेल तसं सांगितलं, की ही रेघ आधी इकडं होती, आता तिकडं आहे, म्हणजे कुणीतरी ताऱ्याला ओढतंय.

त्या उठून काचेपाशी आल्या. चहा घेऊन येताना दारातून त्यांनी असले कागद कितीदा पाहिले असतील, पण एवढ्या जवळून पहिल्यांदाच.

“आणि ओढणारा दिसत न्हाई?”

“नाही. तो कधीच विझला.”

“म्हंजे गेलेलाच ह्याला हलवतोय व्हय?”

“हो, काकू.”

त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग आत गेल्या आणि ट्रंकेतून सरांची वही घेऊन आल्या. लाल रेघ मारलेलं पान त्यांना शोधावं लागलं नाही. तिथं सत्कारातलं माझं पत्रक होतं, त्याच घडीत. पत्रकावर माझ्या ठोक वाक्याच्या आधी, मी काढलेला शब्द सरांनी पेन्सिलनं परत घातला होता. मला कधी दाखवलं नाही.

“आता छापणार का?” काकूंनी विचारलं.

मी वही हातात घेऊन बसले. खोडलेल्या ओळीखाली जागा होती.

“दोनच कागद झालेत, काकू. ‘हे तुला कुणी सांगितलं?’ असं सरांसारखं कुणी विचारलं तर दोनावर भागणार नाही. तिसरा येऊ दे.”

“कवा येईल?”

“दोन वर्षांनी. तीनही लागतील.”

त्यांनी मान हलवली आणि वही परत ट्रंकेत ठेवायला घेतली. येताना एसटीत मी फ्लेक्सच्या बाजूच्या खिडकीला बसले.