अण्णांचा गंधार मी दुरुस्त केला

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. म्हणजे गेज तपासायचे, चुकत असतील तर बरोबर करायचे आणि वर तारीख-सहीचा हिरवा स्टिकर चिकटवायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाला एक आजार जडतो. घरातलं घड्याळ, ताप बघायचं यंत्र, काही म्हणजे काही खरं वाटत नाही. आईने वजनकाटा माळ्यावर लपवून ठेवलाय, कारण मी दर महिन्याला त्याला खोटं पाडत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. जालन्याकडून न्हावा शेव्याला आले, कंटेनर यार्डात नोकरी केली, आणि रिटायर झाल्यापासून घणसोलीच्या फ्लॅटमध्ये आमच्यासोबत राहतात. तरुणपणापासून गायन पार्टीत भीमगीतं गायची, हा त्यांचा खरा धंदा. यार्ड आपलं पोटासाठी. गावाहून येताना त्यांनी दोनच गोष्टी सोबत आणल्या, आई आणि पेटी. क्रम आई उलटा सांगते.

यंदा सोसायटीच्या जयंतीच्या कार्यक्रमात अण्णांचं गाणं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले काका की-बोर्ड घेऊन साथीला. पहिल्याच प्रॅक्टिसनंतर काकांनी मला जिन्यात गाठलं. आवाज उगाच खाली आणून म्हणाले, "राग मानू नकोस, पण अण्णांचा गंधार उतरतोय. वय झालं ना आता."

दुसऱ्या कुठल्या मुलीने काकांना वाटेला लावलं असतं. मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप डाउनलोड केलं.

अण्णांना सोफ्यावर बसवून मी सा म्हणायला लावला. काटा मधोमध, हिरवा. मग गंधार. काटा डावीकडे, लाल. तीन वेळा रीडिंग घेतलं. आमच्याकडे तीनच घेतात. मग पेटीचा गंधार वाजवला, तोही तितकाच खाली. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. त्या भागाला सेंट म्हणतात, हे मला त्याच दुपारी कळलं होतं आणि संध्याकाळपर्यंत मी त्यातली तज्ज्ञ झाले होते.

इंटरनेटवर या विषयावर लोक अक्षरशः एकमेकांच्या उरावर बसलेत. भानगड अशी की निसर्गतः बारा सुरांमधली अंतरं सारखी नसतात. मग सा बदलला की अख्खी पेटी पुन्हा लावावी लागते. त्यावर तोडगा म्हणून सगळी अंतरं ठोकून सारखी केली, सोसायटीत पार्किंगचे पट्टे मारतात तशी. कोणाचीच गाडी नीट बसत नाही, पण कोणाला भांडता येत नाही. की-बोर्ड असाच लावलेला असतो, ॲपही तेच मोजतं. याच्या विरोधातल्या मंडळींचं म्हणणं, गोऱ्या साहेबाने पेटी आणली आणि आपले पवित्र सूर बाटवले. आता आमच्या घरात कोणी 'बाटवले' म्हटलं की आम्ही खुर्ची पुढे ओढतो, पुढे काय ऐकायला लागणार ते माहीत असतं. उलट बाराही सुरांना समान अंतर, हे तर मला फारच पटलं. समतेच्या विरोधात आमच्या घरातलं कोण जाणार?

खरं तर प्लांटमध्ये एक साधा नियम आहे. दोन गेज एकच रीडिंग दाखवत असतील आणि तिसरा वेगळं, तर आधी तिसऱ्यावर संशय घ्यायचा. इथे अण्णांचा गळा आणि पेटी दोन्ही एकच सांगत होते. पण मी शहाणी. मी म्हटलं, पेटी पहिल्यापासून चुकीची, तिच्यावर शिकून गळाही चुकला. मूळ दुरुस्त केलं की सगळं सुधारेल.

रविवारी अण्णा बाजारात गेल्यावर पेटी उघडली. आत पितळी पत्त्या असतात. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. बारीक कानस घेऊन मी चार तासांत सगळे गंधार काट्यावर आणले, मग धैवत, मग निषाद. सगळं हिरवं. भात्याच्या मागच्या बाजूला स्टिकर लावला आणि सहीसुद्धा केली. स्वतःवर इतकी खूश मी प्रमोशनलाही झाले नव्हते.

अण्णा गायला बसले. पहिली ओळ नीट गेली. गंधार आला आणि त्यांचा आवाज अडखळला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय केलंस माय हिला?"

मी ऑफिसच्या आवाजात सगळं समजावलं. चौदा सेंट, लाल काटा, हिरवा काटा. "इतकी वर्षं तुमचा गंधार खालीच लागत होता, अण्णा. आता सवय करा," असंही म्हणाले.

"असंल," ते म्हणाले आणि भाता बंद केला.

त्यानंतर अण्णा गायलेच नाहीत. गाणं काकांनी म्हणावं, असा निरोप पाठवला. काका तर टपलेलेच होते. सकाळी वंदना घेतानाही अण्णांचे फक्त ओठ हलायचे. आई मला म्हणाली, "आंघोळीला गेल्यावरबी आवाज फुटंना झालाय यांचा. काय बोललीस तू?" मी म्हटलं, काही नाही, टेक्निकल होतं.

अक्कल आली ती माझ्याच हलगर्जीपणाने. घासायच्या नादात निषादाची एक पत्ती इतकी पातळ केली होती की पुन्हा तपासायला घेतली तेव्हा ती मुकीच निघाली. मग पेटी उचलून पनवेलला एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यांनी फळी काढली, चष्मा पुसला, परत लावला.

"कोनी हात लावला हिला?"

"मी."

"मंग इकडं कशाला आली? दुकान उघड ना."

मी ॲप दाखवलं. त्यांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. सा आणि गंधार एकत्र दाबून म्हणाले, "ऐक." दोन्ही सूर मिळून बारीक थरथरत होते. मग गंधाराची पत्ती बुडाशी जरा घासली, पुन्हा दाबले, पुन्हा घासली. चौथ्या खेपेला थरथर थांबली. दोन सूर राहिलेच नव्हते, एकच भरीव आवाज झाला होता. मला काटा बघायची गरज पडली नाही. बघितला तरी, लाल.

"ही पेटी गानाऱ्याला समोर बसवून लावल्याली हाय," ते म्हणाले. "त्याचा सा धरून. सगल्या पट्ट्यांत वाजवाची असंल तं तुझा माप बरोबर. एकाच मानसाला गायाचा असंल तं त्याचा. कोन गातं?"

"वडील."

"अजून गातात?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

त्यांनी तीन दिवस घेतले, मुकी पत्तीही बदलली. पेटी घेऊन घरी आले तेव्हा अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगून टाकलं. गंधार तुमचा बरोबर होता. पेटीही बरोबर होती. चूक माझी.

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. उठून आत गेले आणि कपाटातून एक फाइल घेऊन आले. वाशीच्या कानाच्या डॉक्टरची होती. आत ऐकू येण्याच्या तपासणीचे दोन आलेख, दोन वेगळ्या तारखांचे. आईलाही याचा पत्ता नव्हता.

"दोनदा गेलतो," ते म्हणाले. "डाक्टर म्हणला, तुमच्या वयाला कान चांगले हायेत. मी म्हणलं, पुन्यांदा बघा, तुमचं मशीन बिघडलं असंल. माझी लेक मशिनीतलीच हाय, ती म्हणती मला सूर कळंना."

मी खाली बसले आणि रडले, आईसमोर, भर दुपारी. ज्या कानाने त्यांनी आयुष्यभर सूर लावला, तो कान त्यांनी माझ्या एका वाक्यावर मोडीत काढला होता. आणि मी ते वाक्य जेवण वाढता वाढता सहज बोलावं तसं बोलले होते.

अण्णांनी पेटी जवळ ओढली. काळी दोनचा सा धरला, हळूच गंधारावर गेले, तिथे थांबले. आवाज बसलेला होता, कापरा होता, पण सुरावर होता. ध्रुवपद पुरं केलं, भाता थांबवला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"पुढचं कडवं म्हणू का?"